मोनेचं १८६९ चं 'ला ग्रेनुयेर': तेलरंगात वाहतं पाणी ब्रशने कसं मांडायचं

तेलरंगात पाणी रंगवायला घेतलं की माझं कायम एकच व्हायचं, एकतर ते आरशासारखं गुळगुळीत होऊन मेल्यासारखं दिसायचं नाहीतर सगळ्या रंगांचा चिखल व्हायचा. जलरंगात बरीच वर्षं काम केल्यामुळे हाताला सवय लागलेली की ओला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, सोडून द्यायचा, बाकीचं काम कागद आणि पाणी मिळून करतात. तेलरंगात असं कोणी मदतीला येत नाही, जे काय करायचं ते ब्रशनेच. हे मला नीट कळलं ते फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या 'ला ग्रेनुयेर' या चित्राची कॉपी करताना, आणि एकदा करून नाही, चार वेळा केली तेव्हा कुठे चौथ्या कॅनव्हासवर पाणी हललं. त्या चार कॉप्यांमधून जे हाताला लागलं ते सगळं इथे क्रमाने लिहितेय, सामान आणण्यापासून ते कुठे थांबायचं इथपर्यंत.

आधी चित्राबद्दल थोडं, कारण ते कुठल्या परिस्थितीत काढलंय हे माहीत असलं की त्यातले फटकारे असे का आहेत ते कळतं. ला ग्रेनुयेर म्हणजे बेडकांचं डबकं. पॅरिसच्या पश्चिमेला सेन नदीवर, बूजिव्हाल आणि क्रुआसीजवळ, पोहण्याची आणि होड्या भाड्याने घेण्याची ही जागा होती, काठाला बांधलेलं तरंगतं कॅफे होतं आणि पाण्यात एक चिमुकलं गोल बेट होतं ज्याला लोक कामांबेर म्हणायचे, त्या नावाच्या गोल चपट्या चीजवरून. सुट्टीच्या दिवशी पॅरिसहून ट्रेनने माणसं यायची. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने तिथून जवळच राहत होता, वय २८, हातात पैसे नाहीत, जोडीदाराला आणि लहान मुलाला खायला काय घालायचं ही रोजची चिंता, आणि त्याचा चित्रकार मित्र ऑग्युस्त रेन्वार, तोही २८ चाच, जवळच आईवडिलांकडे राहायला आलेला. दोघांनी शेजारी शेजारी इझल लावून हीच जागा रंगवली.

त्या सप्टेंबरमध्ये मोनेने मित्राला, चित्रकार फ्रेडरिक बाझीयला, पत्र लिहिलं की ला ग्रेनुयेरचं एक मोठं चित्र करायचं माझं स्वप्न आहे आणि त्यासाठी मी काही वाईट पोशाद केल्यात. पोशाद म्हणजे जागेवर बसून झटपट केलेलं रंगीत स्केच. आज आपण ज्याला एवढं मानतो ते चित्र त्याच्या लेखी बहुतेक तयारीचं काम होतं! मोठं चित्र म्हणून पूर्वी बर्लिनच्या आर्नहोल्ड संग्रहात असलेल्या एका चित्राकडे बोट दाखवतात, पण ते आता हरवलेलं आहे. राहिली ती दोन, एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आणि एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. आपण न्यूयॉर्कचं घेणार आहोत. मोने-रेन्वारची ही शैली पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणून ओळखली गेली, पण पहिलं इम्प्रेशनिस्ट प्रदर्शन व्हायला अजून पाच वर्षं होती, ते १८७४ चं, म्हणजे या शैलीला तेव्हा नावसुद्धा नव्हतं, एक माणूस घाईघाईत हलतं पाणी पकडायचा प्रयत्न करत होता आणि त्यातून ती पद्धत निघाली.

न्यूयॉर्कचं चित्र निवडायचं कारण साधं आहे, त्याचा खालचा अर्धाअधिक भाग नुसतं पाणी आहे. मध्ये कामांबेर बेट, त्यावर एक झाड आणि दाटीने उभी माणसं, उजवीकडे तरंगतं कॅफे, दोघांना जोडणारी अरुंद फळी, पुढे खाली बांधलेल्या होड्या, मागे पलीकडच्या काठाची झाडी. आकाश जवळजवळ नाहीच, आकाश सगळं पाण्यात आलंय. ही शेवटची गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढे रंग मिसळताना लागेल.

आकार: मूळ चित्र ७४.६ बाय ९९.७ सेंटिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ अचूक ३:४. आपल्याकडे सहज मिळणारा १८ बाय २४ इंचाचा कॅनव्हास पण ३:४ च, त्यामुळे काही कापावं लागत नाही, सरळ ग्रिड, म्हणजे मापाचे चौकोन, टाकता येतो. आपला कॅनव्हास मूळच्या सुमारे ०.६ पट होतो, त्याच हिशोबाने फटकारा पण लहान झाला पाहिजे. याच्यापेक्षा छोटा कॅनव्हास घेऊ नका. मी पहिली कॉपी १० बाय १२ वर केली होती आणि हात हलायला जागाच नव्हती, सगळं मनगटातून झालं. या चित्राचा फटकारा कोपरातून येतो.

सामानाचं बोलू. ब्रश हॉग हेअरचेच, म्हणजे डुकराच्या राठ केसांचेच घ्या, चपटे, म्हणजे फ्लॅट. मऊ सिंथेटिकने हे चित्र होत नाही, कारण घट्ट रंग उचलून तो तसाच कॅनव्हासवर ठेवायला केसात ताकद लागते. एकोणिसाव्या शतकात धातूची पट्टी दाबून बसवलेले चपटे ब्रश चित्रकारांच्या हातात आले, त्याआधीचे बहुतेक गोल असायचे, आणि मोनेचे हे चौकोनी विटेसारखे फटकारे त्या चपट्या ब्रशाशिवाय शक्यच नव्हते. रुंदी बघून घ्या, नंबर कंपनीप्रमाणे बदलतात: साधारण १५ मिलिमीटरचे दोन, १० चे दोन, ६ चे दोन आणि माणसांसाठी एक छोटा गोल. एवढे ब्रश कशाला असं वाटेल, पण प्रत्येक रंगाला वेगळा ब्रश हे या पद्धतीचं अर्ध गुपित आहे, एकच ब्रश पुसत पुसत वापरला की चौथ्या मिनिटाला सगळं राखाडी.

रंग: टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, लेमन यलो किंवा कॅडमियम यलो लाइट, यलो ऑकर, एक उजळ लाल, बर्न्ट अंबर, आणि अगदी थोडा आयव्हरी ब्लॅक. कॅमलिनचे आर्टिस्ट ऑइल चालतात, कोबाल्ट महाग वाटला तर कोबाल्ट ब्लू ह्यू, म्हणजे तशाच दिसणारा स्वस्त पर्याय, घ्या, सरावाला पुरतो. त्या काळात पांढरा शिशाचा असायचा, पिवळा क्रोमचा, लाल पाऱ्याचा, आणि एमराल्ड ग्रीनमध्ये चक्क आर्सेनिक, त्यामुळे कोणी 'अस्सल जुने रंग' वगैरे विकत असेल तर त्या नादी लागू नका. एक गोष्ट मात्र तेव्हाची आणि आताची सारखी आहे, ट्यूब. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँडने दाबून रिकामी करायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे. नदीकाठी उन्हात बसून दहा रंगांनी काम करणं या ट्यूबमुळे जमायला लागलं.

टर्पेंटाइन, थोडं लिनसीड म्हणजे आपलं जवसाचं तेल, पॅलेट नाइफ, जुन्या सुती कपड्याचे तुकडे. आणि हे अगदी मनावर घ्या: लिनसीड लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या डब्यात टाका नाहीतर मोकळ्या पसरून वाळवा. खिडकी उघडी ठेवा, टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत चांगला नाही, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा.

आता काम.

पहिल्या दिवशी ब्रशला हात लावायचा नाही. मेट्रोपॉलिटनच्या साइटवर या चित्राचा मोठा फोटो मोफत मिळतो, तो उतरवून घ्या आणि ए३ वर चांगली रंगीत प्रिंट काढा. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलने फक्त फटकाऱ्यांची दिशा काढायची, छोटे छोटे बाण. वस्तू काढायच्या नाहीत, होडीची आऊटलाइन काढायची नाही, फक्त ब्रश कुठून कुठे गेला ते. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. तासाभरात दिसायला लागेल की पाण्यावरचे सगळे बाण आडवे आहेत, होड्यांवरचे बाण होडीच्या लांबीने वळतायत, झाडीतले बाण सगळ्या दिशांना आखूड आणि तिरके, माणसं म्हणजे दोन तीन उभे फटके. मोनेने रंगाने सांगितलंय त्याच्याइतकंच दिशेने सांगितलंय. प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट केली तरी काय पाणी आणि काय पान हे कळतं ते याच्यामुळे.

त्याच दिवशी तळहाताएवढं एक स्केच करा, फक्त तीन टोनचं, काळा, मधला, पांढरा. डोळे बारीक करून बघा. होड्या, कॅफेच्या खालची सावली आणि झाडीचा काही भाग काळ्यात जाईल, मधल्या पाण्यावरचं ऊन पांढऱ्यात. हे तीन टोन जमले नाहीत तर पुढचे सगळे सुंदर फटकारे वाया जातात.

दुसरा दिवस, कॅनव्हास. पांढराशुभ्र कॅनव्हास डोळ्याला फसवतो, त्यावर ठेवलेला प्रत्येक रंग गडद दिसतो, म्हणून मी अंबर आणि पांढरा मिसळून टर्पेंटाइनने पातळ करून फिक्कट राखाडी हात मारते आणि कापडाने पुसून टाकते. हा माझा मार्ग, मोनेने तसंच केलं असा माझा दावा नाही. फायदा असा की फटकाऱ्यांच्या मधल्या फटीतून हा राखाडी दिसत राहतो आणि तुम्हाला प्रत्येक भोक बुजवायची घाई होत नाही. हा हात रात्रभर वाळू द्या, शक्यतो दोन रात्री.

तिसऱ्या दिवशी रेखाटन, पेन्सिलने नाही, पातळ केलेल्या अल्ट्रामरीनने आणि ६ मिलिमीटरच्या ब्रशने. आधी बेट. ते गोल आहे पण आपल्याला लांबून दिसतंय म्हणून चपटं, ताटाकडे जेवायला बसल्यावर बघतो तसं. मग फळीची आडवी रेघ, कॅफेचा चौकोनी ठोकळा, होड्यांचे वळणदार आकार. पंधरा वीस मिनिटं, जास्त नाही. लगेच त्याच पातळ रंगात अंबर घालून सगळे गडद भाग भरून टाका, अजिबात बारकावे नकोत. हा थर पातळ आहे, दुसऱ्या दिवसापर्यंत चिकटसर होतो, आणि पुढच्या घट्ट रंगाला पकड देतो. पातळ खाली, तेलकट जाड वर, हा नियम तेलरंगात मोडू नका, नाहीतर पुढे भेगा पडतात.

चौथा दिवस पाण्याचा. यासाठी तीन तास सलग मोकळे ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत.

आधी विचार करू की पाण्यावर आडवे फटकारे का दिसतात, कारण हे कळलं की हात आपोआप बरोबर चालतो. लाट म्हणजे छोटी छोटी उतरती छपरं समजा. जे छप्पर आपल्याकडे कललेलं आहे ते वरचं उजेडाचं आकाश दाखवतं, आणि अगदी जवळ असेल तर आपली नजर थेट पाण्यात शिरून खोल गडद रंग दिसतो. जे तसं कललेलं नाही ते समोरच्या काठाची झाडी, कॅफे, असलं काहीतरी खालचं दाखवतं. म्हणून एकाच जागी निळा, हिरवा, काळपट आणि पांढरट असे चार रंग शेजारी शेजारी येतात आणि ते मिसळत नाहीत, वेगळेच राहतात. लांब बघताना ही छपरं उभ्या दिशेने दाबली जातात, नुसत्या आडव्या चिरा उरतात. जवळ रुंद, लांब बारीक. आणि लांबचं पाणी जास्त आरसा असतं, जवळचं कमी. मोनेने हे फिजिक्स म्हणून लिहून काढलं नसेल पण त्याच्या डोळ्याने बरोबर टिपलंय.

पॅलेटवर पाच ढीग करा, प्रत्येक मोठ्या लिंबाएवढा, पॅलेट नाइफने मिसळून. एक, गडद: अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, बर्न्ट अंबर, चिमूटभर काळा. दोन, मधला निळा: कोबाल्ट, पांढरा, नावापुरता व्हिरिडियन. तीन, फिका निळा: भरपूर पांढऱ्यात कोबाल्ट. चार, झाडीच्या प्रतिबिंबाचा: व्हिरिडियन आणि ऑकर, थोडा पांढरा, हा जरा तपकिरीकडे झुकला तर चांगलंच. पाच, उन्हाचा: पांढऱ्यात ऑकरचा एक कण. ढीग कमी केलात तर मध्येच संपतो, परत मिसळताना तोच रंग येत नाही आणि लय तुटते, माझी दुसरी कॉपी यातच गेली. रंग फार तेलकट वाटला तर आधी तासभर वर्तमानपत्राच्या कागदावर काढून ठेवा, कागद तेल शोषतो आणि रंग लोण्यासारखा घट्ट होतो. यात मीडियम, म्हणजे रंग पातळ करायचं तेल वगैरे, घालू नका.

प्रत्येक ढिगाला एक ब्रश. ब्रश धरायचा मागच्या टोकाला, पेनासारखा नाही, दांडा कॅनव्हासला जवळजवळ समांतर. चपट्या बाजूने ढिगाखालून रंग उचला म्हणजे रंग ब्रशच्या एकाच अंगावर बसतो, ते अंग कॅनव्हासकडे करा, टेकवा, ओढा, उचला. बस. पोळीला तूप फासतो तसं नाही, भाकरीवर लोणी ठेवतो तसं. दाबलं की खालचा ओला रंग वर येतो आणि दोन्ही मळतात, हलकं ठेवलं की वरचा रंग वरच राहतो. आधी एखाद्या जुन्या कागदावर जेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा लेप) लावून शंभर फटकारे असेच मारा, मी खरंच शंभर म्हणतेय, कारण पहिल्या तीसात हात थरथरतो आणि प्रत्येक फटकारा परत एकदा 'नीट' करावासा वाटतो. नीट करायचा नाही. चुकला तर पॅलेट नाइफने खरवडून काढा आणि नव्याने ठेवा, त्याच्यावरच घासत बसू नका.

कॅनव्हासवर सुरुवात खालून, म्हणजे जवळच्या पाण्यापासून. १५ च्या ब्रशने गडद रंगाचे तीन चार सेंटिमीटर लांबीचे फटकारे, मध्ये मोकळी जागा सोडत. मग मधला निळा त्या मोकळ्या जागांमध्ये, थोडा गडदच्या कडेवर चढलेला. जसजसे वर जाल तसतसा ब्रश बदला, मध्यावर १० चा आणि दीड दोन सेंटिमीटर, बेटाजवळ ६ चा आणि अगदी आखूड दाट चिरा. मग प्रतिबिंबाचा हिरवा तपकिरी, बेटाखाली आणि कॅफेखाली. इथे मोह होतो की प्रतिबिंब उभं आहे तर ब्रश वरून खाली ओढावा. नाही! प्रतिबिंबाचा खांब उभा असला तरी तो आडव्या तुकड्यांचाच रचायचा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा, मधून मधून आकाशाचा निळा घुसू द्यायचा. शेवटी फिका निळा, आणि अगदी शेवटी उन्हाचा पांढरट, तो सगळ्यात जाड, सगळ्यात कमी, आणि मुख्यतः मधल्या उघड्या पाण्यावर.

यात तीन चुका सगळ्यांच्या होतात. पहिली, फटकाऱ्यांमधलं अंतर सारखं येतं आणि पाणी विटांच्या भिंतीसारखं दिसतं. उपाय असा की दोन तीन फटकारे एकत्र गुच्छात ठेवा, मग मोठी जागा सोडा, मग एकटा एक. मूळ चित्रात बघा, लय आहे पण माप नाही. दुसरी चूक, उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा फटकारा नकळत उजवीकडे वर चढतो, आणि मग नदी उताराला लागते. दर दहा मिनिटांनी कॅनव्हास नव्वद अंशात फिरवून बघा, आडव्या रेषा उभ्या झाल्या की तिरकेपणा लगेच डोळ्यात भरतो. तिसरी, मऊ ब्रशने वरून हलकेच फिरवून सगळं 'एकत्र' आणणं. हा मऊ ब्रश घरातून बाहेर काढून ठेवा. फटकाऱ्यांची कड, तिची ती उंच झालेली ओळ, तिच्यावर खोलीतला उजेड पडतो आणि पाणी चमकतं, ती मोडली की राहिलं काय.

दर पाच मिनिटांनी दहा पावलं मागे जा. जवळून हे चित्र नुसते तुकडे दिसणार आणि दिसायलाच पाहिजे. छोट्या खोलीत मागे जायला जागा नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात लहान करून बघा, तेवढ्यापुरता फोन आत आणायला हरकत नाही.

मागची झाडी पाचव्या दिवशी. इथे थांबून राहण्यासारखं फार नाही, १० च्या ब्रशने ठोकल्यासारखे आखूड फटके, गडद आधी, पिवळसर हिरवा नंतर, पानं मोजायची नाहीत. फक्त एवढं सांभाळा की झाडी पाण्यापेक्षा जास्त तपशीलवार होता कामा नये, नाहीतर नजर मागे जाऊन बसते.

माणसं मात्र कठीण आहेत, कारण तिथे सगळ्यांना चित्रकार व्हावंसं वाटतं. बेटावरची एक बाई म्हणजे फिक्या रंगाचा खाली रुंद होत गेलेला फटका, वर एक ठिपका, एवढंच. पुरुष म्हणजे एक गडद उभा फटका. चेहरे काढू नका. छोट्या गोल ब्रशने, वाळलेल्या किंवा निदान चिकट झालेल्या थरावर, म्हणजे रंग खाली बुडणार नाही. तीन फटक्यांत माणूस उभा राहिला नाही तर खरवडा, चौथा फटका त्याला उभा करणार नाही.

होड्या मी शेवटी करते. आतली बाजू गडद, काठाची कड उजळ, आणि ती कड एका दमात, होडीच्या पूर्ण लांबीने, श्वास रोखून. पाण्याचे सगळे फटकारे आखूड असल्यामुळे हे थोडे लांब वळणदार फटकारे एकदम वजनदार वाटतात आणि पाणी खाली जाऊन बसतं. होडी आणि पाणी जिथे भेटतात तिथे एक अगदी गडद रेघ, सलग नाही, तुटक.

वेळ असेल तर एक जोड अभ्यास जरूर करा. रेन्वारचं याच जागेचं चित्र स्टॉकहोमच्या नॅशनलम्युझियममध्ये आहे, तेच बेट, तेच झाड. दोन्ही चित्रांतला पाण्याचा एक एक तुकडा निवडून दहा बाय दहा सेंटिमीटरवर कॉपी करा. रेन्वारचा ब्रश मऊ, बारीक, पिसासारखा फिरतो, त्याचं लक्ष कपड्यांवर आणि माणसांवर, मोनेचा ब्रश रुंद आणि ठाम. दोघं एकाच काठावर बसलेले, समोर तेच पाणी, आणि हाताला दोन्ही फटकारे करून बघताना दोन माणसांचे स्वभाव बोटांना कळतात. मला स्वतःला रेन्वारची माणसं जास्त आवडतात आणि मोनेचं पाणी, पण तुम्ही करून बघा आणि ठरवा.

चित्र वाळायला वेळ लागतो. पातळ भाग आठवड्यात हाताला लागेनासा होतो, जाड पांढरे फटकारे कित्येक आठवडे आतून ओले राहतात, पावसाळ्यात आणखी जास्त. भिंतीला टेकवून ठेवू नका, मुंबई कोकणात कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते, हवा खेळेल असं ठेवा. फायनल व्हार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबा. मागे स्पष्ट लिहा की ही मोनेच्या चित्रावरून केलेली कॉपी आहे, तारीख घाला.

मग दुसरा कॅनव्हास घेऊन आपल्या नदीवर जा, नाहीतर हे सगळं कॉपीतच अडकून राहतं. मी वाईला कृष्णेच्या घाटावर जाते, सकाळी सात ते नऊ, त्यानंतर ऊन डोक्यावर येतं आणि सावल्या मरतात. सेन नदीचे ढीग इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असतं, आणि गढूळ पाण्याला स्वतःचा रंग असतो, त्यावर झाडाची सावलीसुद्धा पडलेली दिसते, जी स्वच्छ पाण्यावर अशी दिसत नाही. म्हणून तिथे माझे पाच ढीग बदलतात: गडदमध्ये व्हिरिडियन कमी आणि अंबर जास्त, मधल्या निळ्याच्या जागी ऑकर, पांढरा आणि कोबाल्टचा कण असा मातकट राखाडी, आणि प्रतिबिंबाला दगडी पायऱ्यांचा जांभळट करडा. डिसेंबर जानेवारीत पाणी निवळतं तेव्हा निळा परत येतो. फटकारा तोच, आडवा, ठेवायचा आणि उचलायचा. छोटा कॅनव्हास चालेल, ८ बाय १० पुरे, एका बैठकीत चाळीस मिनिटं, कारण त्यापेक्षा जास्त वेळ पाण्यावरचा उजेड थांबत नाही. एका सकाळी दोन करा, पहिलं हात गरम करायला.